बरोबरची खूण

३ मे

आले एकदाची! ट्रंक, स्टॉपवॉच आणि माझा फटकळ स्वभाव, तिन्ही सुखरूप पोचले. निघताना दादाने बजावलं होतं की या नोकरीत तरी वरिष्ठांशी दोन महिने भांडू नकोस. मी म्हटलं, कामच दोन महिन्यांचं आहे, जमवते. मागच्या इस्पितळातून मी राजीनामा दिला की त्यांनी मला घालवलं, यावर आमच्या घरात अजून एकमत झालेलं नाही.

शाळा उतारावर आहे. दोन मजले, वर गच्ची, गच्चीला जेमतेम गुडघाभर कठडा. रंगकाम चाललंय, त्यामुळे जागोजागी शिड्या टेकवलेल्या आणि सगळीकडे ओल्या रंगाचा वास. सुट्टी लागली असली तरी ज्यांचे आईवडील कामासाठी लांब असतात अशी चौदा मुलं इथेच राहतात. त्यांच्या बुद्धीच्या चाचण्या घ्यायच्या, म्हणजे पुढच्या वर्षी कोणाला कुठल्या तुकडीत बसवायचं ते ठरेल. मला दिलेली खोली पाहून मी खूशच झाले. मोठी खिडकी, मुलांच्या उंचीचं टेबल, समोरासमोर दोन खुर्च्या, आणि पंखा कुरकुरत नाही. मानसतज्ज्ञाला याहून जास्त काय लागतं?

मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. सत्तरी ओलांडलेली, बोलायला गोड, पण शब्द ऐन वेळी सापडत नाहीत. मला पाणी द्या असं सांगताना पेल्याकडे बोट दाखवून ते, ते पाण्याचं, असं म्हणाल्या आणि ओशाळल्या. मला फार वाईट वाटलं. स्वयंपाकाच्या मावशींनी लगेच पेला पुढे केला. त्यांना सवय असावी.

६ मे

काम मस्त चाललंय. रोज दोन मुलं, एक सकाळी, एक जेवणानंतर. शब्दांचे अर्थ, दोन गोष्टींत सारखं काय, चित्रात काय राहिलंय, ठोकळ्यांची नक्षी. आमच्या कामाचे तीन नियम मी झोपेतही सांगेन. मूल बोलेल ते शब्दशः उतरवायचं. बरोबर की चूक हे चेहऱ्यावरसुद्धा दिसू द्यायचं नाही. आणि एकदा घेतलेली चाचणी त्याच मुलाला वर्षभर पुन्हा द्यायची नाही.

मोठ्या बाईंनी त्यात आपले दोन घातले आहेत. बरोबर उत्तरापुढे लाल पेन्सिलीने खूण करायची, आणि चार वाजता पेपर त्यांच्या टेबलावर पोचले पाहिजेत. मला गुणांची बेरीज करायलासुद्धा धड वेळ मिळत नाही. तरी मी कुरकुर केलेली नाही. दादा, नोंद घे.

चाचणी झालेली मुलं जेवताना जरा गप्प असतात. दमत असतील बिचारी.

८ मे

आज भिंगरी. खरं नाव पेपरवर आहे, पण त्या नावाने तिला कोणी हाक मारलेली मी ऐकली नाही. नऊ वर्षांची, खुर्चीत एक मिनिट टेकेल तर शपथ. आईवडील जहाजावर कामाला, सुट्टीत आत्या न्यायला येते, यंदा सत्तावीस तारखेला येणार. बसल्या बसल्या तिनेच मला विचारलं की तुम्हाला स्वतःला यातलं किती येतं.

तिची उत्तरं उतरवताना हसू दाबून माझी पुरेवाट झाली. शिडी म्हणजे भिंतीला टेकवलेला जिना, पण त्याला पाठ नसते. आत्या म्हणजे बाबांची बहीण, ती बाबांना पण रागावू शकते. भीती म्हणजे काय, हा प्रश्न मोठ्या मुलांनाही नीट येत नाही. ही म्हणाली, पाय आधी पळतात आणि मग आपल्याला कळतं, ती. पूर्ण गुण! लाल खूण जरा जास्तच जोरात उमटली.

संध्याकाळी ठमीचा फोन. ठमी म्हणजे दादाचं शेंडेफळ, वय वर्षं सहा. आत्या, तू परीक्षा घेतेस तर नापास कोणाकोणाला केलंस, अशी चौकशी चालली होती. तिची आणि भिंगरीची गट्टी जमेल, आणि घर डोक्यावर घेतील दोघी.

९ मे

माझं मेलीचं गणित! वय काढताना महिन्यांतून महिने वजा होईनात, तर वर्षातून बारा महिने उसने घ्यायचे असतात. मी दहा घेतले. भिंगरी नऊ वर्षं पाच महिन्यांची आहे, ती माझ्या हिशेबात नऊ वर्षं तीन महिन्यांची झाली, आणि नऊ वर्षं चार महिन्यांच्या आतल्यांचा लहान पेपर मी तिला दिला. शिकाऊ मुली ही चूक करतात आणि माझ्याकडूनच बोलणी खातात.

आता मोठा पेपर घ्यावा लागणार. दोन्हींत निम्मे प्रश्न तेच आहेत, त्यामुळे गुण थोडे फुगतील, पण पोर चुकीच्या तुकडीत जाण्यापेक्षा ते परवडलं. मोठ्या बाईंना सांगायला गेले तर एकदम कडक झाल्या. पुन्हा बसवायचं नाही म्हणजे नाही, म्हणाल्या. नियम मलाही माहीत आहे. पण तो आमचा नियम आहे, मोडायचा तर मी मोडीन. उद्या सकाळी बाई बाहेर जाणार आहेत.

१० मे

भिंगरीला मोठा पेपर दिला. नव्या प्रश्नांना टकाटक उत्तरं. जुन्यांतले परवा चुकलेलेही तिने खटपट करून सांगितले. पण परवा ज्यांच्यापुढे मी लाल खूण केली होती, त्यांतलं एकही तिला येईना.

ती मस्करी करतेय असं मला वाटलं. तिला खिडकीशी नेलं आणि बाहेरच्या शिडीकडे बोट दाखवलं. तिने ती खालपासून वरपर्यंत पाहिली आणि मलाच विचारलं, हे कशाला असतं? मग मी आत्या कोणाला म्हणतात ते विचारलं. तिने खांदे उडवले. सत्तावीसला तुला न्यायला कोण येणार आहे? कोणी नाही, म्हणाली. दुःखाने नाही, नुसतं माहिती दिल्यासारखं.

जेवणानंतर बाकीच्या सहा जणांना, ज्यांचे पेपर झाले आहेत त्यांना, अंगणात एकेक करून सहज विचारलं. सहाही जणांचं तेच. एकाला कुलूप माहीत नाही. एकीला सावली माहीत नाही, ती आपलीच पाहून दचकते. एकीला गरम म्हणजे काय ते कळत नाही. तिच्या बोटांना मलम लावलं आहे. मावशी म्हणाल्या, पोरीने चुलीवरची कढई नुसत्या हातांनी धरली.

भिंगरीच्या नव्या उत्तरांपुढे मी एकही खूण केलेली नाही. तो पेपर माझ्या ट्रंकेत आहे.

१२ मे

दोन दिवस चाचण्या बंद. पोटदुखीचं निमित्त सांगितलं. दोन दिवस मी स्वतःलाच वेड्यात काढलं. उकाडा, दमणूक, घरची ओढ, होती नव्हती ती सगळी कारणं लावून पाहिली.

आज मोठ्या बाईंनी चहाला बोलावलं. काय बोलत होत्या! एक शब्द अडला नाही. रंगाऱ्यांची तक्रार करताना म्हणाल्या की त्यांची शिडी हलते, आणि हसून पुढे म्हणाल्या, शिडी म्हणजे काय, भिंतीला टेकवलेला जिना, पण त्याला पाठ नसते.

मी शब्दशः लिहून घेते. हे वाक्य माझ्या हाताने लिहिलेलं आहे. मी कप खाली ठेवला.

आणखी एक. बोलता बोलता त्या सारख्या दाराकडे पाहत होत्या. कडी नीट लागली आहे ना, असं मला दोनदा विचारलं. आल्या दिवशी असं काही नव्हतं.

१३ मे

आज दाराच्या काचेतून पाहिलं. मागचा एक पेपर त्यांनी राखून ठेवला होता. प्रत्येक लाल खुणेवर बोट ठेवायच्या, ओठांतल्या ओठांत उत्तर वाचायच्या, आणि डोळे मिटून थांबायच्या. मूल खाऊ पुरवून खातं तसं.

मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, दर उन्हाळ्यात नवी चाचणीवाली बाई येते, महिनाअखेर मोठ्या बाई अगदी ठणठणीत होतात, आणि शाळा उघडली की सगळे म्हणतात सुट्टीत पोरं सगळं विसरून आली. त्यात काय मोठंसं, सुट्टीत विसरतातच पोरं. पुन्हा कोणी चाचणी घेतच नाही, मग कळणार कसं? आमचाच नियम. आमच्याच नियमाच्या आडोशाला बसून ही बाई इतकी वर्षं जेवते आहे.

१४ मे

गेले. बाईंना तोंडावर विचारलं. त्यांनी नाकारलंसुद्धा नाही. शांतपणे म्हणाल्या, मुलं पुन्हा शिकतील, त्यांच्यापुढे आयुष्य पडलंय, मला कोण शिकवणार आहे? मग माझ्याकडे नुसतं पाहिलं. तीन डॉक्टरांना भर सभेत सुनावलेली मी! पाय आपोआप मागे आले.

मला त्यांची भीती वाटते. लिहून टाकलं एकदाचं.

दादाला फोन केला. अर्ध्यावरच तो म्हणाला की सामान बांध आणि आजच्या आज निघ. मला कोणी जा म्हटलं की माझे पाय तिथेच रोवले जातात, हे त्याला अजून कळू नये? सात मुलं अर्धवट झाली आहेत, सात व्हायची आहेत. मी जाणार नाही. काय करायचं ते करा म्हणावं.

१६ मे

चाचण्या पुन्हा सुरू, माझ्या पद्धतीने. बुद्धीच्या चाचणीत नापास कसं व्हावं, याचा मी वर्ग घेते! उरलेल्या सात जणांना सांगून ठेवलंय की जो सगळ्यात जास्त चुकेल तो जिंकला. घोड्याला पाय किती? अकरा. बर्फ कसा असतो? तिखट. काय खिदळत होती पोरं. चार वाजता दोन पेपर बाईंच्या टेबलावर ठेवले, एकही लाल खूण नाही. त्यांनी पान उलटलं, पुन्हा उलटलं. बोट फिरत राहिलं, टेकायला जागा नाही.

मी बाहेर येऊन शीळ घातली.

१८ मे

भिंगरी गच्चीच्या कठड्यावर चालत होती. दोन्ही हात पसरून, गाणं म्हणत. खाली दोन मजले. मी ओरडले तर ती एका पायावर उभी राहून मला हात करायला लागली.

मागून जाऊन तिला कवेत घेऊन उतरवलं. तिला कळेना मी रडते का. भीती म्हणजे काय, मी विचारलं. ठाऊक नाही, म्हणाली. आणि पुन्हा वर चढायला निघाली.

आता तिचा हात सोडायचा नाही. जेवताना, झोपताना. माझ्या ओढणीचं टोक तिच्या मनगटाला बांधलंय.

१९ मे

बांधून ठेवलेली भिंगरी म्हणजे काय विचारता! तिचं मन रमवायला आज खुर्च्या बदलल्या. ती माझ्या खुर्चीत, माझा चष्मा नाकावर, लाल पेन्सिल हातात. मी परीक्षेला. तिने वाचत वाचत विचारलं, शिडी म्हणजे काय? मी उत्तर लिहून दिलं. तिने ऐटीत खूण केली, खुणेवर बोट ठेवलं, आणि मी लिहिलेलं मोठ्याने वाचलं. मोठ्या बाई करतात तसंच.

आणि खिडकीकडे धावली. शिडी! शिडी! आपल्याकडे किती शिड्या आहेत!

मी बाहेर पाहिलं. रंगाऱ्यांचं ते उभं, आडव्या दांड्यांचं. त्यावर ते चढतात. नाव — वर या वहीत मीच लिहिलंय, वाचते आहे, पण वाचलेलं त्याला चिकटत नाही.

म्हणजे असं आहे. उत्तर देणाऱ्याचं जातं. खुणेवर बोट ठेवून वाचणाऱ्याला मिळतं. म्हणजे परत देता येतं.

२१ मे

सहा जणांना परत दिलं. दोन दिवस लागले. एकेक जण माझ्या खुर्चीत, मी समोर. सगळ्या खुणा त्यांच्या हाताने. किती गोष्टी गेल्या ते मोजलं नाही, साठएक असतील. आज चहाने जीभ भाजली, आणि का ते मला कळलं नाही. दाराला लावायचं ते लोखंडी — असो. मलम लावलेल्या पोरीने दुधावर फुंकर मारली. ते पाहून मी रडले, आणि मावशींनाही रडू फुटलं.

मोठ्या बाईंकडून उलट का घेत नाही? त्यांना खुर्चीत बसवून विचारावं. काल त्यांच्या दारापर्यंत गेले. कडीवर हात ठेवला. त्यांनी आतून कोण आहे विचारलं. परत आले.

२३ मे

तेरा घरी फोन केले. शाळेत कांजिण्यांची साथ आहे, आजच्या आज घेऊन जा! मानसतज्ज्ञ इतकं सराईत खोटं बोलते हे पाहून मावशींनी कानांना हात लावले. संध्याकाळपर्यंत तेराही जण गेले. कोणी काकाबरोबर, कोणी शेजाऱ्यांबरोबर.

भिंगरी राहिली. आत्या प्रवासात, फोन लागत नाही. सत्तावीसच.

मोठ्या बाई जिन्यात उभ्या राहून रिकाम्या होणाऱ्या खोल्या पाहत होत्या. एक पोर तरी आहे ना, म्हणाल्या.

२४ मे

भिंगरीला आत्या परत दिली. आता ती दिवस मोजते आहे.

दुपारी फोन वाजला. एक लहान मुलगी होती. मला एका शब्दाने हाक मारत होती, पुन्हा पुन्हा. चुकीचा नंबर, म्हटलं. ती रडायला लागली. मग दादा बोलला. ती त्याची मुलगी आहे, हे तो सांगतो. माझी कोण —

भीती मात्र मी ठेवली आहे. ती दिली तर मी हिच्यामागे कठड्यावर चालत जाईन. दोघींत एकीकडे तरी हवी.

२६ मे

माझी ट्रंक उघडलेली. भिंगरीचा पेपर गेला. कोरे पेपरही.

बाई भिंगरीला लाडाने बोलावतात. ये, थोडे प्रश्न विचारते. ही उड्या मारत निघते. तिला बाई गोड वाटतात. तिला सगळंच गोड वाटतं. दोनदा ओढून आणलं. मावशी म्हणाल्या मी दार अडवते. मावशींना दुपारी सुट्टी देऊन घरी पाठवलं बाईंनी.

उद्या हिला न्यायला येणार आहेत. उद्या सकाळ फक्त.

२७ मे

सकाळी डोळा लागला. क्षणभर. ओढणी सुटलेली.

गच्चीवर. कठड्यावर बसली होती, पाय बाहेर सोडून. जवळ गेले तर खेळ म्हणून पुढे सरकली. एक वीत. अजून एक.

मी बसले. वही काढली, पेन्सिल काढली, तिच्याकडे सरकवली. म्हटलं, आज तू बाई. तो प्रश्न विचार. तिने विचारला. भीती म्हणजे काय?

मी म्हटलं, तू बसलीस तिथे पाहून माझ्या पोटात जे होतंय ते. तू पडशील आणि मी इथेच बसलेली असेन, ते.

मी ते वहीत लिहून तिच्यापुढे सरकवलं. तिने खूण केली. बोट ठेवलं. वाचलं.

तिने खाली पाहिलं. दोन्ही हातांनी कठडा धरला. किंचाळली. मी तिला आत ओढलं. आणि जिन्याच्या दारात बाई. हातात पेपर. भिंगरीने त्यांना पाहिलं आणि पळाली. त्यांच्या हाताखालून, जिन्यावरून, अंगणातून. फाटकात एक बाई उभी होती, पिशवी घेऊन. भिंगरीने तिच्या कमरेला मिठी मारली. दोघी गेल्या. वळल्या नाहीत. शाब्बास.

मी कठड्यावरून वाकून पाहत होते. खूप खाली आहे. बरं वाटतं.

२७ मे, नंतर

बाई गच्चीवरच. दाराला मी पाठ लावून बसले आहे. त्या थरथरतात. जाऊ दे म्हणतात. त्यांच्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. एक म्हातारी बाई, बस्स.

कोरा पेपर नाही. ही वही चालेल. बसा म्हटलं. बसल्या.

पहिला प्रश्न मागच्या पानावरून घेतला. त्यातल्या शब्दाचा अर्थ मला माहीत नाही, तरी विचारला. आत्या कोणाला म्हणतात?

नाही म्हणाल्या. मी थांबले. मला घाई नाही. मग हळूच: बाबांची बहीण. ती बाबांना पण रागावू शकते.

शब्दशः. बरोबर. खूण केली. बोट ठेवलं, वाचलं —

ठमी! ठमी गं! अगं मी, तुझी आत्या! फोनवर रडवलं मी तुला, येते मी, येते —

बाई उठल्या. बसा. अजून खूप आहेत. सगळ्या मुलांचे, सगळ्या उन्हाळ्यांचे. सूर्य वर आहे. पेन्सिल लांब आहे.

बसा म्हटलं ना! दुसरा प्रश्न, बाई —